आदर्श बाटलीला तोंड लावत न्हाय

घारीची नजर, कुत्र्याचं नाक आणि मांजराची चाल, ह्या तीन गोष्टी एकाच माणसात बघायच्या असतील तर कोल्हापुरात मंगळवार पेठेत या आणि हंबीररावाचं घर विचारा. बायको म्हणती, "सगळं जनावराचंच दिसतंय, माणसाचं काय हाय का त्येच्यात?" पण थोर माणसांच्या बायका असंच बोलत्यात. आणि घर विचारायचीबी गरज न्हाय, चौकात माझा फ्लेक्स हाय. काळा गॉगल, हातात भिंग, मागं वाघ, आणि वर ठळक अक्षरात, 'गुप्तहेर हंबीरराव. नजरेतून सुटका न्हाय.' माझा धंदाच फ्लेक्स छपायचा, त्यामुळं वाघ घरचाच.

खाली दुकान, वर दोन खोल्यांत संसार, आणि संसारातनं वेळ मिळंल तशी गुप्तहेरगिरी. सहाय्यक म्हणून शेजारचे अण्णासो. किराणा दुकान पोराच्या हातात देऊन मोकळा झालेला माणूस. जन्मात कधी खोटं बोलले न्हाईत, मुंगीवर पाय देत न्हाईत, आणि दिवस मावळायच्या आत जेवत्यात. त्यामुळं माझा कुठलाबी तपास दिवस मावळला की बंद पडतो.

फ्लेक्स लागला तवा अण्णासो म्हणाले, "हंबीरराव, गुप्तहेर म्हंजे गुप्त पायजे की हो. फ्लेक्स कशाला?"

म्हटलं, "अण्णासो, फ्लेक्स लावला न्हाय तर लोकास्नी कळणार कसं, मी गुप्त हाय म्हणून?"

अण्णासो गप्प बसले. माझ्या तर्कापुढं माणसं अशीच गप्प बसत्यात.

गाजलेल्या केसी म्हणाल तर, देवळाभायेरनं गेलेल्या चपलेचा छडा मी एका दुपारात लावला. चप्पल माझ्याच पायात सापडली, पण छडा तो छडाच. दुसरं माझं अंग म्हंजे चेष्टा. तालमीमागच्या एका म्हशीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी गुपचूप चौकात लावलता, 'वहिनीसाहेबांना उदंड आयुष्य लाभो'. दोन मंडळं हार घेऊन आली. तवापास्नं मी खरं बोललो तरी पेठेत लोक आधी मागं वळून बघत्यात, कुणी हसालंय का. ही गोष्ट ध्यानात ठिवा, पुढं माझ्या अंगाशी येणार हाय.

तर केस.

माझी एकुलती एक लेक प्रियदर्शनी यष्टीत कंडक्टर हाय. तिच्या पहिल्या गाडीत बसून आख्खी गल्ली कुरुंदवाडला गेलती. मी पुढच्या सीटवर मिशीला पीळ देत. आली तिकीट मागाय. म्हटलं, "अगं, मी कंडक्टरचा बाप!" म्हणाली, "मग बापानं तरी फुकट बसू नये." भरल्या गाडीत तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. ते अजून पाकिटात हाय. कुणाला दाखवत न्हाय.

बाळंतपणाला ती माहेरी आली, आदर्श झाला, बघता बघता रजा संपली. सोमवारी सकाळी पहिली ड्युटी. आणि आदल्याच आठवड्यात गुन्हा घडला. आदर्श बाटलीतनं दूध पिईना.

दूध तिचंच. मशीननं काढलेलं, झाकून फ्रिजमध्ये ठिवलेलं. बाटली उकळून घेतलेली. आई तीच, दूध तेच, फक्त भांडं वेगळं. तर ह्यो पठ्ठ्या बाटली दिसली की ओठ असं मिटायचा की पोलीस चौकशीत सुदिक कुणी मिटलं नसंल. वाटी-चमचा झाला. चमचा त्येनं फुंकून अण्णासोंच्या चष्म्यावर पाठवला.

मी म्हटलं, "आमच्या खानदानात बाटलीला नको म्हणणारा ह्यो पहिलाच पुरुष."

"पप्पा, चेष्टा नको," प्रिया म्हणाली. "रविवारपतोर ह्येनं बाटली घेतली तर ठीक. न्हाईतर मी डेपोत जाऊन सांगून येते, नोकरी सोडली म्हणून. लेकरू घरात उपाशी ठिवून मी गावभर तिकिटं काढत हिंडू व्हय?"

तिचा आवाज नेहमीसारखा कडक हुता, पण हात पदराचं टोक पिळत हुता. घारीच्या नजरेला ते दिसलं. मी चेष्टा बाजूला ठिवली आणि भिंग काढलं. छपाईत रंगाचे ठिपके तपासायचं भिंग, पण भिंग ते भिंगच.

"पहिला प्रश्न," मी म्हटलं. "हे पोरगं एरवी दूध पितंय, ह्येला पुरावा काय?"

"अहो, पाच महिन्यांत दुप्पट झालंय," आमची झुंबर म्हणाली. झुंबर म्हंजे माझी बायको. नाव झुंबर, पण टांगून ठिवती मला. "ते काय वाऱ्यावर फुगलंय?"

"पण पिताना बघितलंय कुणी?"

आता खरंच कुणी बघितलं नव्हतं. झुंबरचा कायदाच तसा. प्रिया पाजाय बसली की माणसं भायेर, पडदा वढलेला, दिवा बंद, आणि बाळावर आईचा पदर. पिणाऱ्या लेकराला दृष्ट लागती म्हणून. पाच महिन्यांत मी दाराच्या फटीकडं नुसतं बघितलं तरी लाटणं दिसायचं.

"अण्णासो, लिवून घ्या," मी म्हटलं. "ह्या केसला एकबी साक्षीदार न्हाय."

"कशावर लिवू?" अण्णासो म्हणाले. त्येंच्याकडं कागद नव्हता.

बाटलीचं मात्र तसं न्हाय. बाटलीत कसली लाज आन् कसली दृष्ट? पाच महिनं भायेर काढलेली सगळी माणसं त्यामुळं आता हक्कानं आत. ट्यूबलाईट चालू. मोबाईलची बॅटरी थेट आदर्शच्या तोंडावर. समोर मी, डोळ्याला भिंग लावून. बाजूला अण्णासो. झुंबर टाळ्या वाजवत "पी की रं माझ्या राजा!" खाली फ्लेक्स न्यायला आलेली चार माणसंबी वर यिऊन दारात उभी. एवढी गर्दी तालमीत कुस्तीला जमत न्हाय. एवढा पाठिंबा मिळूनबी ह्यो गडी प्यायला तयार न्हाय, म्हंजे कारस्थान मोठं हाय, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

पहिला संशय बाटलीवरच्या अस्वलावर. बाटलीवर एक अस्वल छापलेलं, दात इचकून हसणारं. भिंगातनं बघितलं तर मलाच दचकाय झालं. खाली जाऊन मी प्रियाचा खाकी ड्रेसमधला फोटो छापला, बाटलीभवती गुंडाळला. आता आदर्शला बाटली न्हाय, आई दिसणार. दिसली की! खुदकन हसला. दोन्ही हात पुढं केले. मी अण्णासोंकडं बघून मिशीला पीळ दिला. आदर्शनं बाटली तोंडाजवळ नेली आणि आईच्या नाकाला हिरड्या लावून चावाय लागला. दूध वढायच्या रबरी बुचाकडं ढुंकून बघितलं न्हाय. स्टिकर निम्मा खाल्ला, त्यो झुंबरनं बोट घालून काढला. मग मला काय काय म्हणाली ते छापण्यासारखं न्हाय, आणि हे छपाईवाला सांगतोय.

दुसरा संशय अण्णासोंचा. म्हणाले, "हंबीरराव, कोल्हापूरचं पोर हाय. हितं माणसं कट्ट्यावर उभी राहून म्हशीखालचं ताजं दूध पित्यात. ह्येला फ्रिजमधलं कसं चालंल?"

मुद्दा बिनतोड. दूध गरम पाण्यात धरून कोमट केलं. मनगटावर थेंब टाकून बघायचा म्हणत्यात. माझं मनगट तालमीतलं, त्येला चुलीवरचं तेलबी कोमटच लागतंय. म्हणून अण्णासोंच्या मनगटावर टाकला. ते म्हणाले, "बरोबर हाय." आदर्श म्हणाला, "फुर्र." त्येची भाषा मला तवापतोर समजाय लागलती.

"म्हशीचा भास पायजे," मी म्हटलं. "तालमीमागनं म्हस आणूया. जिना रुंद हाय."

झुंबरनं माझ्याकडं नुसतं बघितलं. म्हस रद्द झाली.

असं करत रविवार उगवला. खाकी ड्रेसला इस्त्री करून खुंटीला अडकवलता, त्यो प्रियानं काढला, घडी घातली, परत अडकवला, परत काढला. मला ते बघवंना. म्हटलं, आता हंबीररावाचा हुकमी डाव.

वेषांतर!

सरळ तर्क. बाळाला आईचा वास पायजे. आई समोर असली तर ते बाटली घेणार न्हाय. म्हंजे आई नको, पण आईचा वास पायजे. मी प्रियाची फुलाफुलांची मॅक्सी चढवली. खांद्यापाशी उसवली, पण बसली. डोक्यावरनं ओढणी, आणि मिशी त्या ओढणीत कोंबली. प्रियाला स्वयंपाकघरात पाठवलं, मांडी घालून बसलो, आदर्शला घेतलं. त्येनं वास घेतला. चेहरा वर करून बघितलं. आणि देवाशपथ सांगतो, बाटलीचं बूच तोंडात घेतलं!

बाटलीतलं दूध उतराय लागलं. निम्म्याला आलं. निम्म्याच्या खाली गेलं.

"पिलं!" मी वरडलो. "पिलं रे पिलं! नाद खुळा!"

प्रिया पळत आली. हातात कणीक तशीच. हुंबऱ्यात थांबली, तोंडावर दोन्ही हात, गालाला कणीक लागली तरी तिला भान न्हाय. इतकी हसली की पाच महिन्यांत तशी हसली नव्हती.

"हंबीरराव," अण्णासो हळूच म्हणाले, "तुमच्या कोपरातनं गळालंय."

बाटलीचं झाकण सैल हुतं. दूध सगळं मॅक्सीच्या बाहीतनं माझ्या मांडीवर. आदर्श बूच नुसतं तोंडात धरून माझ्या मिशीकडं बघत हुता.

प्रियाचं हसू कुठं गेलं कळलं न्हाय. "पप्पा," ती म्हणाली, "परत असं वरडू नका." एवढंच.

आणि त्याच टायमाला दारात जावईबापू. धैर्यशील, कुरुंदवाडचे. साखर कारखान्यातली पाळी संपवून, वाटेत वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन, झोप न काढता थेट आलते. हातात बासुंदीचा डबा. समोर सासरा मॅक्सीत. मांडीवर लेकरू. सगळीकडं दूध.

माणूस खरा धैर्यशील. हलला न्हाय. "मामा, बरं हाय न्हवं?" म्हणाला, आणि डबा खाली ठिवला. आमच्यात जावई सासऱ्याला मामाच म्हणत्यात. ह्येंचं बोलणं मुळात कमी. लग्न ठरवताना तीन बैठकी झाल्या, त्यात 'बरं' सोडून दुसरा शब्द मी ऐकला न्हाय.

प्रियानं हात धुतले, चप्पल घातली. "डेपोत जाऊन सांगून येते," म्हणाली. जावई उठले, तशी म्हणाली, "तुमी बसा. रात्रभर जागताय. दुसरी बाटली भरून ठिवलीया. प्याला तर प्याला." जिन्यावरनं चपला वाजत गेल्या.

झुंबर आत जाऊन भांडी आदळाय लागली. आता माझ्यापाशी एकच संशयित उरला हुता, आणि त्यो समोर बसून जांभया देत हुता. आदर्शला मी जावईबापूंच्या मांडीवर दिलं, बाटली हातात दिली, आणि मॅक्सीतच येरझाऱ्या घालाय लागलो.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका, पण गुन्ह्याचं मूळ तुमच्या घराण्यात हाय. पोरगं तोंड उघडत न्हाय. आता तोंड न उघडणारी माणसं कुणाच्यात?"

"बरं," जावई म्हणाले.

"बघा! तुमचे आजोबा कमी बोलायचे काय?"

"व्हय."

"अण्णासो, लिवून घ्या!"

"कशावर?" अण्णासो म्हणाले.

मी रक्तातल्या गुणांवर बोललो. कृष्णेच्या पाण्यावर बोललो. कुरुंदवाडच्या वांग्याचा आणि मौनाचा संबंध मी सिद्ध करत आणलता, तवा जावईबापूंनी डोळे मिटले, शेजारी झुंबरच्या जुन्या पातळाची चादर पडलीती ती वढली, आणि स्वतःच्या डोक्यावरनं बाळासकट घेतली. भिंतीला टेकून नवरीसारखे बसले. आता समोर नुसतं निळं सुती पातळ.

मी थांबणारा माणूस न्हाय. पातळाला उद्देशून बोलत राहिलो.

"हंबीरराव," अण्णासो म्हणाले.

"मधी बोलू नका."

"न्हाय, पण ऐका की. आवाज येतोय."

मी कान टवकारले. चुक्‌ चुक्‌. चुक्‌ चुक्‌.

कुत्र्याचं नाक, मांजराची चाल. एका क्षणात मी निष्कर्ष काढला. "उंदीर! खोलीत उंदीर हाय! कपाटामागं! फ्लेक्सचा गम खातोय."

"मारू नका हं," अण्णासो घाईनं म्हणाले. "हळूच धरून भायेर सोडू."

मी ओणवा होऊन कपाटाखाली शिरलो. मॅक्सी खिळ्यात अडकली. अण्णासो चप्पल काढून, पाय वर घेऊन खुर्चीवर बसले, उंदीर चुकून पायाखाली येऊ नये म्हणून. तेवढ्यात झुंबर आली. आधी कपाटाखालनं आलेले माझे पाय बघितले, तिला त्येचं काय वाटलं न्हाय. मग तिनं कान दिला. सरळ पातळापाशी गेली आणि ते एका बोटानं उचललं.

आत आदर्श. अर्धे डोळे मिटलेले, एक मूठ बापाच्या शर्टात, आणि बाटलीत तळाला जरासं दूध. चुक्‌ चुक्‌.

उजेड आत गेला. माझी मिशीबी आत गेली. आदर्शनं बाटली सोडली, ओठ मिटले, आणि भोंगा चालू. झुंबरनं पातळ सोडलं. चुक्‌ चुक्‌. मी शास्त्र म्हणून परत उचललं. भोंगा. सोडलं. चुक्‌ चुक्‌. परत उचलणार, तर झुंबरनं माझ्या हातावर फटका दिला.

"अगं बाई," ती मटकन खाली बसली. "पाच महिनं ह्ये अंधारात, पदराखाली पितंय. आणि बाटली आपण चौकात बसवून पाजालोय. त्येला वाटत असंल, एवढी माणसं जमल्यात, आज काय माझं भाषण हाय का काय!"

"मग तू आधी का सांगितलं न्हाईस?"

"मला काय ठावं? मी म्हटलं, बाटलीला कुठं दृष्ट लागती!" मग तिनं मला वरनं खालपतोर बघितलं. ओढणी, मिशी, भिंग, फाटलेली मॅक्सी. "आता वाटतंय, लागत असंल."

"जावईबापू," मी पातळाला विचारलं, "तुमी हे कुठल्या तर्कानं वळखलं?"

आतनं बारीक आवाज आला. "तर्क कसला मामा. तुमच्या बोलण्यानं डोकं उठलतं. तोंडावर गप्प बसा म्हणता येत न्हाय. म्हणून वढलं."

आमच्या ओळखीतलं जावईबापूंचं ते सगळ्यात मोठं भाषण.

केस संपली हुती. पण प्रिया! फोन लावला, तर फोन स्वयंपाकघरात कणकेच्या परातीशेजारी वाजाय लागला. मी मॅक्सी उपसून शर्ट घातला, तेबी उलटा, अण्णासोंना स्कूटरवर मागं घेतलं आणि स्टँडकडं सुटलो. एरवी मी सिग्नलला थांबत न्हाय. त्या दिवशी अण्णासो मागं असल्यानं प्रत्येक सिग्नलला थांबावं लागलं.

प्रिया सायबांच्या केबिनजवळ नव्हती. फलाटावर नव्हती. मग अण्णासोंनी बोट दाखवलं. कोपऱ्यात कुरुंदवाडची पाटी लावलेली रिकामी गाडी, आणि आत कंडक्टरच्या सीटवर एकटी प्रिया. वर घंटीच्या दोरीला हात लावून बसलीती. वढत नव्हती, नुसता हात.

मी दारातनंच वरडलो, "पिलं!"

तिनं बघितलंबी न्हाय. "पप्पा, तुमाला सांगितलं हुतं."

"अगं खरंच पिलं! देवाशपथ!"

"म्हशीच्या वाढदिवसालाबी देवाशपथच म्हणलता."

आयुष्यभर लोकास्नी फसवलं त्याचं मला कधी काय वाटलं नव्हतं. त्या फुटबोर्डावर उभं राहून पहिल्यांदा वाटलं, लगा हंबीर, एक खरं बोलायचं ठिवलं असतंस शिल्लक.

"सायबास्नी सांगितलंस काय?" मी विचारलं.

"अजून न्हाय. पाय उचलंना म्हणून हितं बसले. आता जाते." ती उठली.

मी अण्णासोंना पुढं ढकललं. "तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाईसा."

अण्णासो धापा टाकत चढले. चष्मा पुसला. "प्रिया, बाळ बाटलीनं प्यालं. मी बघितलं." मग मनाला लागलं असणार, अर्धं सांगणं बरोबर न्हाय म्हणून. "पण हंबीररावांनी न्हाय पाजलं. हंबीरराव तवा कपाटाखाली हुते."

प्रिया थांबली. माझ्याकडं बघितलं, उलट्या शर्टाकडं बघितलं, केसातल्या जाळ्यांकडं बघितलं.

"तुमी न्हाय पाजलं?"

"न्हाय."

"तुमचा ह्यात काय हात न्हाय?"

गुप्तहेराच्या तोंडनं हे निघणं किती अवघड, ते गुप्तहेरालाच ठावं. "काडीचाबी न्हाय," मी म्हटलं.

"मग खरं हाय!" ती म्हणाली, आणि दोरी दोनदा वढली. टिंग टिंग. ड्रायव्हर नव्हता, माणसं नव्हती, गाडी जागची हलली न्हाय. पण डबल बेल म्हंजे डबल बेल.

सोमवारी ती ड्युटीवर गेली. घरात आता नवा कायदा. बाटली दिसली की पडदा वढायचा, दिवा बंद करायचा, पातळ घ्यायचं, आणि सगळ्यात आधी हंबीररावाला भायेर काढायचं. त्या केसमधला अडथळा मी हुतो हे सिद्ध झालंय, आणि चेष्टा म्हणून सांगत न्हाय, माझ्या तपासात पकडला गेलेला पहिला खरा गुन्हेगार मीच.

त्यामुळं आत बाळ प्यायला लागलं की मी खालच्या पायरीवर बसतो. समोर माझाच फ्लेक्स, गॉगल लावून माझ्याकडं बघतोय. परवा तालमीतलं एक माणूस जाता जाता थांबलं.

"काय गुप्तहेर, भायेर बसलाय?"

"गुप्त झालोय," मी म्हटलं.

त्येनं जिन्याकडं कान दिला. वरनं आवाज येत हुता. चुक्‌ चुक्‌. चुक्‌ चुक्‌.

"हंबीरराव, घरात उंदीर झालाय वाटतं."

"व्हय," मी म्हटलं. "हळू बोला. पाळलाय."